आवाज घरात, माणूस दाराबाहेर

मंडळी, नॅट किंग कोल आवाज चढवत नाही. मुळात तो पियानोवादक. पियानो, गिटार आणि बेस या तिघांच्या मेळातून तो पुढे आला. ड्रम नाहीत, त्यामुळे प्रत्येक सुराला मोकळी जागा. तीच सवय गळ्यात उतरली. उच्चार स्वच्छ, घाई नाही. जणू शेजारी बसून बोलतोय.

आता हा ‘शेजारी’ शब्द बघा. १९४८ मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, तर रहिवाशांनी विरोध केला. रेडिओतून तो घरात चालत होता, शेजारी चालत नव्हता! १९५६ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमला, म्हणजे त्याच्या जन्मराज्यातच, काही गोऱ्यांनी मंचावर चढून त्याच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी एनबीसीवर त्याचा कार्यक्रम सुरू झाला. राष्ट्रीय प्रायोजक काही मिळाला नाही. १९५७च्या डिसेंबरात तो बंद पडला.

गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या सभागृहांत गातोसच का, असं कृष्णवर्णीयांनीही त्याला सुनावलं. प्रश्न रास्त होता. पण त्याचा मवाळपणा मला भित्रेपणा वाटत नाही. अडचण निराळीच आहे. त्या गोडव्यामुळे श्रोत्याला स्वतःत काहीही न बदलता त्याच्यावर प्रेम करता आलं. हा दोष गाणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा? मी ऐकणाऱ्याचा म्हणेन. आणि ऐकणाऱ्यांत, मंडळी, मीही आलोच.