शहाणा द्रव आणि तळाचा गाळ

माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. त्याच वर्गातली सहावी पाणबुडी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी. पाणबुडीचा जीव तिच्या गप्प राहण्यात असतो. पंप, मोटारी, डिझेल इंजिनं यांची थरथर सांगाड्यातून पाण्यात उतरली, की शत्रूच्या सोनारला आयतंच आमंत्रण. म्हणून अशा बोटींत यंत्रं रबरी माउंटवर बसवतात. पण रबराचा स्वभाव ओतल्या दिवशीच ठरतो. वेळ पाहून मऊ किंवा ताठ होणारे द्रव प्रयोगशाळांत पाऊणशे वर्षं आहेत. ते या कामाला लायक झालेत का? माझ्या मते निम्म्याच कामाला; उरलेलं निम्मं द्रवाच्या रूपात होणार नाही.

अमेरिकेत विलिस विन्स्लो यांनी १९४७ मध्ये विजेने घट्ट होणाऱ्या द्रवाचं पेटंट घेतलं. पाठोपाठ जेकब रॅबिनो यांनी चुंबकावर चालणारा क्लच करून दाखवला. तत्त्व एकच: तेलातले कण विजेचं किंवा चुंबकाचं क्षेत्र लागताच साखळीने उभे राहतात आणि साखळ्या तुटेपर्यंत द्रव हलत नाही. क्षेत्र काढलं, की काही मिलिसेकंदांत पुन्हा तेल.

विजेच्या द्रवाने निराशाच केली. दर मिलिमीटरला दोन-चार हजार व्होल्ट द्यायचे आणि हाती यायचा जेमतेम काही किलोपास्कलचा ताण. सुरुवातीचे स्टार्च-सेल्युलोजचे कण तर ओलाव्याशिवाय चालत नसत. गरम झाले, वाळले, संपले. पॉलिॲनिलीनसारख्या वीजवाहक बहुलकांनी ही ओलाव्याची अट काढली, हे त्यांचं श्रेय. २००३ मध्ये हाँगकाँगमध्ये वेन वेईजिया आणि पिंग शेंग यांच्या गटाने युरियाचा लेप दिलेल्या अतिसूक्ष्म कणांनी १३० किलोपास्कलपर्यंत मजल मारली. टाळ्या पडल्या, दुकानात मात्र फारसं काही आलं नाही. खाऱ्या, दमट हवेत हजारो व्होल्टची भानगड कोण गळ्यात बांधून घेणार?

चुंबकी द्रव व्यवहारी निघाला. बारा व्होल्ट, एक-दोन अँपिअर, आणि ताण पन्नास ते शंभर किलोपास्कल. २००२ मध्ये तो कॅडिलॅकच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये बसला, चीनमधल्या डोंगटिंग सरोवरावरच्या पुलाच्या केबल आवरू लागला, पुढे कृत्रिम गुडघ्यातही शिरला.

खरं दुखणं तळाशी आहे. चुंबकी द्रवातले कण म्हणजे काही मायक्रॉनचं कार्बोनिल लोखंड, तेलाच्या आठपट जड. भांडं महिनोन्‌महिने न हलवता ठेवलं, तर वर स्वच्छ तेल आणि खाली चमचा उभा राहील असा गच्च गाळ. इथे बहुलक कामाला येतात: कणांवर लेप, तेलात झँथन गम, अगदी आपल्या गवारीच्या बियांचा डिंकसुद्धा. लेप जाड केला की गाळ उशिरा बसतो, पण चुंबकी जोर उतरतो. शिवाय लोखंडाचे कण ऑइल सील खातात, आणि बराच काळ घुसळून घुसळून द्रव स्वतःच दाट होत जातो. शोधनिबंधांत मात्र ताज्या द्रवाचा ताण ठळक असतो. वर्षभरानंतरचा आकडा शोधावा लागतो.

पाणबुडीपुरती आणखी एक अडचण, जिच्याकडे उत्साही मंडळी काणाडोळा करतात. यंत्राची नेहमीची गुणगुण सूक्ष्म आणि वेगवान असते. तिथे या द्रवाचा डॅम्पर लावला, तर सीलचं घर्षण आणि तेलाचा मूळ दाटपणा कंपनांना उलट वाटच करून देतात. पाण्याखालच्या स्फोटाचा धक्का निराळा. एरवी मऊ राहून त्या क्षणी ताठ होणं हे या द्रवाला शोभणारं काम आहे.

गुणगुणीसाठी मला आशा वाटते ती चुंबकी रबराची. लोखंडाची पूड रबरातच मुरवली, की गाळ नाही, गळती नाही, सील नाही. चुंबकाने कडकपणा थोडासाच बदलतो, पण माउंटची स्वाभाविक कंपनसंख्या यंत्राच्या फेऱ्यांपासून बाजूला सरकवायला तेवढं पुष्कळ झालं. फोर्डने असे चुंबकी रबराचे बुश १९९० च्या दशकातच तपासले होते.

माझगावात बोटी बांधतात, अंबरनाथला नौदलाच्या साहित्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत बहुलकांचा स्वतंत्र विभाग आहे. तिन्ही लोकलच्या अंतरावर. त्यांना विनंती एवढीच: नवा लेप शोधण्याआधी जुनाच माउंट खाऱ्या हवेत पाच वर्षं चालवा, आणि तो बिघडला तर बिघडल्याचे आकडेही छापा.