‘परकराचा कर्करोग’ : नाव आणि कारण यांतील अंतर

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी दोन स्त्री-रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. घट्ट नाडीच्या सततच्या काचाने कमरेवर व्रण झाला व त्याचे पुढे त्वचेच्या कर्करोगात रूपांतर झाले, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. कपाशी वेचताना कमरेला ओटी बांधणाऱ्या दारव्हा परिसरातील स्त्रियांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही.

वृत्तांत मोलाचा आहे. आक्षेप आहे तो नावाला. ‘साडीचा कर्करोग’ हे पूर्वीचे नाव बाजूला सारून लेखक परकराकडे बोट दाखवितात. परंतु त्यांचीच दुसरी रुग्ण ४० वर्षे परकराविना लुगडे नेसत होती. डॉ. व्ही. आर. खानोलकर व सूर्याबाई यांनी तर १९४५ मध्येच धोतराच्या काचातून उद्भवणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. वस्त्रे बदलली, काच तेवढा समान राहिला.

तथापि काच हेही अर्धेच उत्तर ठरते. नाडी थेट जनुक बदलीत नाही. जखम भरून काढण्यासाठी त्वचेच्या पेशी विभाजित होतात. त्या वेळी सायक्लिन-डी व त्याचे सहचर किनेज ‘आरबी’ या प्रथिनाचा लगाम सैल करतात आणि डीएनएची प्रत तयार होऊ लागते. जखम भरली की हा संकेत ओसरतो. रोज त्याच जागी काच बसत राहिल्यास तो ओसरत नाही. शिवाय दीर्घकालीन दाहामुळे डीएनएला इजा पोहोचते. अशी इजा झालेल्या पेशीचे विभाजन थांबविण्याचे काम ‘पी-५३’ हे प्रथिन ‘पी-२१’ च्या साहाय्याने करते. त्वचेच्या शल्कपेशीय कर्करोगात याच पी-५३ चे जनुक वारंवार बिघडलेले आढळते. म्हणजे नाडी विभाजनाची मागणी चालू ठेवते. रोग होतो तो पहारा उठल्यावर.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. परकरावर ठपका ठेवला की उपायही नाडी सैल करण्यापाशी थांबतो. पहारा शाबूत असेतो हा सल्ला योग्यच. एकदा तो उठल्यावर मात्र नाडी सोडल्याने विभाजन थांबत नाही. पहिल्या रुग्णेचा व्रण १८ महिने, तर दुसरीचा २ वर्षे भरला नव्हता. दुसरीच्या जांघेतील लसीकाग्रंथीपर्यंत रोग पोहोचला होता. वृत्तांतातील सर्वांत गंभीर आकडे हेच आहेत. दोन रुग्णांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. विलंब मात्र सिद्ध होतो. कमरेवरचा न भरणारा व्रण घेऊन आलेल्या स्त्रीला मलम देऊन परत पाठवायचे की व्रणाच्या कडेचा तुकडा तपासणीस पाठवायचा, हे ती परकर नेसते की लुगडे यावरून ठरणार नाही. व्रण किती दिवसांचा आहे, हे तिला विचारावे लागेल.