द्रौपदीने सोडलेला माणूस

'कल्की 2898 एडी'मधला अश्वत्थामा पाहून मी आधी थरारलो आणि मग संतापलो. ज्याने उत्तरेच्या गर्भावर ब्रह्मास्त्र सोडले, त्यानेच युगे उलटल्यावर एका गर्भवतीची राखण करायची! आपल्या पौराणिक चित्रपटांना अलीकडे सुचलेली ही सर्वांत मोठी कल्पना आहे. ज्या कृष्णाने शाप दिला त्यानेच प्रायश्चित्ताची वाटही ठेवली. अमिताभ बच्चन यांच्या शिणलेल्या डोळ्यांत तो सगळा भार क्षणभर दिसतोही. पण चित्रपटाला त्या डोळ्यांकडे पाहायला सवड नाही. अश्वत्थामा उठतो आणि हाणामारीला लागतो. पाप म्हणून जे केले तेच तो आता पुण्य म्हणून करतो. बदलली आहेत ती फक्त समोरची माणसे.

हा रस्ता 'बाहुबली'ने आखून दिला. देवसेना पंचवीस वर्षे साखळदंडात राहून काटक्या गोळा करते, भल्लालदेव त्याच चितेवर जळतो आणि थिएटर दणाणून जाते. राजामौलींचे कसब वादातीत आहे. पण भल्लालदेवाला इतके काळे रंगवले आहे की त्याला सोडून द्यावे हा विचार कुणाच्या मनाला शिवूही नये. त्याला मारायचे की नाही हे तिथे कुणी ठरवतच नाही, पटकथेने ते आधीच उरकलेले असते. 'आदिपुरुष'बद्दल बोलण्यासारखे काही नाही. 'कांतारा'च्या शेवटी मात्र अंगात दैव आलेला शिवा गावकऱ्यांचे आणि वनाधिकाऱ्याचे हात एकमेकांच्या हातात देतो. ते काही क्षण आधीच्या सगळ्या रक्तपाताहून भारी आहेत.

खाडिलकरांचे 'कीचकवध' (1907) सुडाचेच नाटक. त्यातला राजकीय अर्थ इतका उघड होता की 1910 साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. तरीही संयम सांगणारा कंकभट, म्हणजे अज्ञातवासातला युधिष्ठिर, तिथे रंगमंचावर उभा आहे आणि भीमाला त्याला ओलांडूनच पुढे जावे लागते. पारतंत्र्यात, अंगाची लाही होत असताना लिहिणाऱ्या नाटककाराने प्रतिपक्षाला बोलू दिले. आज कोट्यवधी रुपये हाताशी असलेल्यांना ते का जमू नये? धर्मवीर भारतींच्या 'अंधा युग'मध्ये गांधारी कृष्णाला शाप देते, तो निमूट स्वीकारतो आणि मग तीच कोसळून रडते. 1963 साली अल्काझींनी हे नाटक दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या भग्न भिंतींमध्ये केले. सूड पुरा होण्याच्या क्षणीच सूड घेणारी व्यक्ती आतून मोडते, हे दाखवायला भारतींना एका म्हातारीचे रडणे पुरले.

आणि भागवताच्या पहिल्या स्कंधातला तो प्रसंग! द्रौपदीची पाची मुले झोपेत मारली गेली आहेत. अर्जुनाने अश्वत्थाम्याला दोरखंडाने बांधून द्रौपदीपुढे आणले आहे. त्याचे मुंडके आणून देईन असा शब्द त्याने तिला दिलेला आहे. आणि ती म्हणते, सोडा याला. गुरुपुत्र म्हणून सोडा, हे तिचे एक कारण. त्यात वर्णाची सवलत आहे असा आक्षेप कुणी घेतला तर तो खोडून काढायला मी जाणार नाही. पण तिचे दुसरे कारण कुठल्याही वर्णात मावत नाही: मी जशी रडते आहे तशी याची आई कृपी रडायला नको.

भट्ट नारायणाच्या 'वेणीसंहार'पासून आपण द्रौपदी म्हटले की दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी बांधलेली वेणीच आठवतो. शत्रूच्या आईसाठी कळवळणारी ही द्रौपदी कुठे गेली? लोक तिच्या जवळचे आहेत. सातपुड्यात जखमेवर घालायला तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याच्या गोष्टी सांगितल्या जातात, नंदुरबारकडे दिवाळीत त्याच्या नावाने अस्तंब्याचा डोंगर चढला जातो. बालहत्या करणाऱ्यालाही तेल मागता यावे, एवढी जागा लोककथेने ठेवली. पडद्याने ती ठेवली नाही.

क्षमेला शिट्ट्या मिळत नाहीत, असे यावर सांगितले जाते. मला हे साफ अमान्य आहे. क्षमा दुबळी वाटते, कारण ती दुबळ्या पात्रांच्या तोंडी, शेवटच्या दोन मिनिटांत, पार्श्वसंगीताच्या आधाराने उरकली जाते. भागवतातल्या त्या शिबिरात भीम आहे आणि त्याला द्रौपदीचे म्हणणे अजिबात पटलेले नाही. त्याला आत्ता, इथेच वध हवा आहे. अर्जुनाला शब्द पाळायचा आहे. कृष्ण सांगतो की द्रौपदीचे, भीमाचे आणि माझे, तिघांचेही मन राख. अर्जुन तलवारीने अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा मणी केसांसकट कापून काढतो आणि त्याला हाकलून देतो. या कृतीने भीम शांत झाला का? मुलांच्या आईला त्या रात्री झोप लागली का? एवढे प्रश्न एका दृश्यात उभे असताना आमचे दिग्दर्शक आणखी एक चिता रचायला घेतात, आणि दोष प्रेक्षकांना देतात.