वाद्यवृंदरचनेवरील अभिप्रायाचा प्रश्न : केशवराव भोळे आणि अँथनी गोन्साल्विस यांच्या संदर्भात

मराठी संगीतसमीक्षेने बंदिशीचा, चालीचा आणि गायकीचा जितका सूक्ष्म विचार केला, तितका वाद्यवृंदरचनेचा केलेला नाही. एखादे गीत लोकप्रिय झाले की त्याचे श्रेय कवी, संगीतकार व गायक यांच्यात वाटले जाते. व्हायोलिनचा ताफा कोठे प्रवेश करतो, कोठे मागे सरतो, बासरीला कोणत्या सप्तकात वाजवायचे, हे ठरविणारा संयोजक श्रेयनामावलीत फार तर ‘साहाय्यक’ म्हणून येतो. हा अन्याय केवळ श्रेयापुरता नाही. ज्या रचनेविषयी कोणी जाणतेपणाने बोलत नाही, ती पारखून घेण्याची संधी रचनाकाराला कोठे मिळावी, हा त्यातील मूळ प्रश्न आहे.

गोव्यातील माजोर्डे येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण होय. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपीचे शिक्षण मिळत असे. त्या शिक्षणाच्या बळावर अनेक गोमंतकीय वादक मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत वादक आणि संयोजक झाले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी, संयोजक ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याची स्वतंत्र ओळ लिही, आणि गायक व वादक यांचे ध्वनिमुद्रण एकत्रच होई. या पद्धतीत अभिप्राय तत्काळ मिळत असे. वादकाला न जमणारा तुकडा पहिल्याच तालमीत उघडा पडे. गायिकेच्या स्वरावर ट्रम्पेट चढले तर ध्वनिमुद्रक थांबवी. परंतु हा अभिप्राय गीताच्या गरजेपुरताच असे. तीन मिनिटांच्या मर्यादेत काय खपेल, एवढेच त्यात पाहिले जाई.

गोन्साल्विस यांना त्यापलीकडे जायचे होते. १९५८ साली त्यांनी भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभारून मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात आपल्या स्वतंत्र रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्यात गायक होते. सारंग रागातील कॉन्चेर्टो आणि तोडी थाटातील व्हायोलिन कॉन्चेर्टो ही त्यांच्या रचनांची नावेच त्यांच्यापुढील पेच सांगतात. वृंदावनी सारंगात गंधार व धैवत वर्ज्य आहेत. पाश्चात्त्य स्वरसंवादाचा पाया असलेली त्रयी षड्जावर बांधायची तर गंधार हवा, आणि तोच रागात नाही. उपलब्ध स्वरांतून प–नि–रे ही त्रयी बांधता येते. कोमल निषाद धरून नि–रे–म ही बांधता येते. पण दोन्हींचा आधारस्वर षड्ज नव्हे. वाद्यवृंद भरदार करण्याच्या नादात रागाचे केंद्रच हलण्याचा धोका येथे उभा राहतो. तोडीत उलट स्थिती आहे. सा–कोमल ग–प ही त्रयी थाटात सहज मिळते, परंतु तोडी रागात पंचमाचा वापर बेताने करायचा असतो. तो प्रत्येक संवादात घुमू लागला तर तोडी राहील काय? शिवाय मींड आहेच. एक व्हायोलिनवादक मींड उत्तम घेईल. वीस जणांनी एकाच वेगाने ती घ्यायची तर धनुष्य कोठे वळवायचे, हेही लिहून द्यावे लागते.

अशा रचनेची समीक्षा करण्यास रागसंगीत आणि पाश्चात्त्य संयोजन या दोहोंची जाण असणारा श्रोता हवा होता. रागसंगीताच्या जाणकारांना हा प्रकार परका होता, पाश्चात्त्य संगीताच्या श्रोत्यांना राग परका होता. भातखंडे आणि पलुस्कर यांच्या स्वरलिपींनी बंदिशी टिकवून मोठेच कार्य केले, परंतु त्या लिपी मुख्यतः एकाच स्वरपंक्तीसाठी आहेत. त्यावर वाढलेल्या समीक्षेला उभा, अनेकपदरी कागद वाचण्याचा सराव नव्हता. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर ते चित्रपटसृष्टीत पुन्हा रमले नाहीत; २०१२ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गीतात त्यांचे नाव गुंफले. साखरखेर्ड्यासारख्या गावात वरातीपुढे ते गीत वाजविणाऱ्या बँडमास्तरालाही हे नाव ठाऊक असते, ते एका विनोदी पात्राचे म्हणून. (क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांत सूर वाटून देणारा हा बँडमास्तर स्वतःही संयोजकच असतो, ही गोष्ट निराळी.)

अमरावतीत जन्मलेल्या केशवराव भोळे यांचे उदाहरण याउलट आहे. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी संगीतसमीक्षा लिहिणारे भोळे ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकाचे आणि पुढे ‘प्रभात’च्या चित्रपटांचे संगीतकार झाले. ‘कुंकू’ (१९३७) मध्ये पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातील नैसर्गिक ध्वनींवर भर देण्यात आला. वाद्ये गप्प ठेवणे हाही संयोजनाचाच निर्णय आहे, आणि तो घेण्यास समीक्षकाचा कान लागतो. ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ या ग्रंथात भोळे यांनी आपल्या कामाचा हिशेब स्वतःच मांडला. त्यांना मराठी गद्य आणि मराठी वाचक यांचा आधार होता. गोन्साल्विस यांचे म्हणणे पाच रेघांच्या कागदावर होते, आणि तो कागद मराठी समीक्षेने हाती घेतला नाही.

स्वरलिपी येत नसतानाही या चर्चेला आरंभ करणे अशक्य नाही. महाविद्यालयातील साध्या पेटीवर प–शुद्ध नि–रे हे स्वर दाबून धरावेत, विद्यार्थ्याला सारंगाचा अवरोह गाण्यास सांगावे, आणि तो कोमल निषादावर येताच काय घडते ते ऐकावे.