55 टक्के, पण कशाचे?

संशोधनाची तयारी करताना अधूनमधून एखादं निकालपत्र वाचत जा, विषय विज्ञानाचा असला तरी. निकालपत्र म्हणजे शेवटी एक युक्तिवाद, आणि तो पायरी-पायरीने तपासता येतो. आज ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1 ऑगस्ट 2025 चा वाहनकर्जाचा निकाल घेऊ.

प्रश्न साधा आहे. गाडी विकणारा डीलरच कर्ज जमवून देतो आणि वित्तसंस्था त्याबद्दल त्याला कमिशन देते. हे ग्राहकाला सांगणं बंधनकारक आहे का? एका ग्राहकाने 2017 मध्ये 6,499 पौंडांची जुनी गाडी घेतली. फर्स्टरँड बँकेने डीलरला 1,650.95 पौंड कमिशन दिलं. ग्राहकाला त्याचा पत्ता नव्हता.

अपील न्यायालयाने 2024 मध्ये म्हटलं होतं की डीलरवर विश्वस्तासारखं कर्तव्य येतं. सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं: डीलर स्वतःचा माल विकायला बसलेला असतो. हा भाग मला पटतो. तरीही 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 140अ खाली हा ग्राहक जिंकला, कारण कर्जदार आणि बँक यांच्यातला संबंध 'अन्याय्य' ठरला. त्याला कमिशनची रक्कम व्याजासह मिळाली.

का ठरला? कमिशन फार मोठं होतं, ते ठळकपणे सांगितलं नव्हतं, आणि डीलर अनेक संस्थांमधून निवड करतोय असा समज कागदपत्रांतून होत होता. प्रत्यक्षात पहिला हक्क याच बँकेचा होता.

आता 'फार मोठं' या शब्दांवर थांबा. कमिशन हे कर्जाच्या एकूण खर्चाच्या, म्हणजे व्याज आणि शुल्काच्या, 55 टक्के होतं. कर्जाच्या रकमेशी तुलना केली तर तेच पैसे साधारण 25 टक्के होतात. अंश एकच, छेद वेगळा.

माझा आक्षेप या पहिल्या छेदावर आहे. समजा कर्ज 6,000 पौंडांचं आणि कमिशन 1,000 पौंडांचं. एकूण व्याज 1,500 असेल तर प्रमाण 67 टक्के येतं. मुदत किंवा दर वाढवून व्याज 3,000 केलं, तर ते 33 टक्क्यांवर उतरतं. कमिशन तेवढंच, ग्राहकाचा खर्च दुप्पट, आणि आकडा मात्र सभ्य दिसतो!

न्यायालयाने हे प्रमाण एकमेव कसोटी मानलेलं नाही, हे खरं. पण कोणत्या घटकाला किती वजन, हेही सांगितलं नाही. मग सीमारेषा नियामकाला शोधावी लागली. वित्तीय आचार प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 च्या प्रस्तावात एकूण खर्चाच्या 35 टक्के आणि कर्जाच्या 10 टक्के, अशा दोन्ही अटी एकत्र ठेवल्या. वरचं 33 टक्क्यांचं कर्ज या चाळणीतून अलगद निसटतं, कर्जाच्या जवळपास 17 टक्के कमिशन असूनही.

म्हणून माझं मत असं: निकाल योग्य, मापन कच्चं. कमिशनचा आकडा पौंडांत, सहीच्या आधी, ठळकपणे सांगणं हेच कर्तव्य मानलं असतं तर छेदाचा वाद उरलाच नसता.

तुमच्या प्रबंधातही टक्केवारी आली की आधी छेद विचारा. आणि तो बदलला तर निष्कर्ष टिकतो का, ते स्वतः करून पाहा.