दोन काठांची एक फेरी

ग्रेनोबलच्या नेएल संस्थेत बेंजामिन सासेपे यांच्या गटानं केलेला एक प्रयोग 2023 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला आलेख मी पुन्हा पुन्हा पाहतो. चुंबकीय क्षेत्र बदलत जातं तसा अतिसंवाहक प्रवाह वाढतो, ओसरतो, परत वाढतो. प्रयोगाचा सगळा अर्थ दोन शिखरांमधल्या अंतरात आहे.

ग्राफीनची पट्टी, दोन्ही टोकांना अतिसंवाहक धातू. जोरदार चुंबकीय क्षेत्रात मधले इलेक्ट्रॉन जागच्या जागी गरगरतात. वीज वाहते ती फक्त कडांवरून, प्रत्येक कडेला एकाच दिशेनं. हा क्वांटम हॉल परिणाम. शहापूरहून मुरबाडकडे जाताना सापगावच्या पुलावर थांबावं आणि कल्पना करावी, की भातसेचं पाणी या काठानं खाली उतरतंय, पलीकडच्या काठानं धरणाकडे चढतंय आणि मधलं पात्र निश्चल आहे. अतिसंवाहकात मात्र इलेक्ट्रॉन जोडीनंच चालतात. मग अशा एकेरी वाटांवरून जोडी पलीकडे जाणार कशी?

उत्तर फार देखणं आहे. एका कडेनं इलेक्ट्रॉन जातो. धातूला भिडल्यावर जोडी आत शिरते आणि इलेक्ट्रॉनची उणीव, म्हणजे 'होल', दुसऱ्या कडेनं माघारी येते. दोन अतिसंवाहकांमधल्या जोडातून किती प्रवाह वाहावा, याचं सूत्र विनय आंबेगावकर आणि अलेक्सिस बाराटॉफ यांनी 1963 मध्येच दिलं होतं, पण ते पातळ अडथळ्यासाठी. इथे प्रवाह अख्ख्या पट्टीला वळसा घालतो, म्हणून आलेखातलं आवर्तन, म्हणजे दोन शिखरांमधलं अंतर, नेहमीच्या दुप्पट हवं.

2016 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या गटाला क्वांटम हॉल अवस्थेत अतिसंवाहक प्रवाह सापडला. आवर्तन मात्र नेहमीच्याच मापाचं निघालं. म्हणजे प्रवाह होता, फेरीची खूण नव्हती. ग्रेनोबलमध्ये पट्टी अतिशय अरुंद घेतली. धातूला लागणारी कड आखूड झाली आणि क्वांटम हॉल रोधाच्या 12.9 किलो-ओमच्या पायरीवर दुप्पट आवर्तन उमटलं. 8 टेस्लापर्यंत प्रवाह टिकला.

मला सर्वांत आवडते ती त्यातली एक बारीक दुरुस्ती. इलेक्ट्रॉनची वाट अगदी काठावरून जात नाही, किंचित आतून जाते. किती आतून, हे चुंबकीय लांबी ठरवते: 1 टेस्लाला सुमारे 26 नॅनोमीटर, 8 टेस्लाला जेमतेम 9. क्षेत्र वाढलं की वाट काठाकडे सरकते, फेरीनं वेढलेलं क्षेत्रफळ जरासं वाढतं. हा फरकसुद्धा या मोजमापांत वाचता येतो.