‘आरआरआर’मधील भीम आणि जोडेघाटचा भीम

एस. एस. राजमौली यांच्या ‘आरआरआर’ (२०२२) या तेलुगू चित्रपटात कोमाराम भीमाला चाबकाने फोडून काढतात, तो प्रसंग उत्तम शुक्रवारच्या प्रवचनासाठी उचलण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होईल. प्रसंग प्रभावी आहे, यात शंका नाही. बांधलेला, रक्तबंबाळ मनुष्य गुडघे टेकीत नाही आणि ते पाहून जमाव पेटून उठतो. तथापि हा भीम कोणता, हे आधी तपासले पाहिजे.

पडद्यावरील भीम इंग्रज गव्हर्नराने नेलेली गोंड मुलगी सोडविण्यास दिल्लीस जातो. खऱ्या भीमाचे गाऱ्हाणे घराजवळचे होते. आदिलाबाद निजामाच्या राज्यात होते. गोंडांना जाच होता तो राखीव जंगलाच्या नियमांचा, सावकारांचा आणि त्यांनी कसलेली जमीन दुसऱ्याच्या नावावर चढविणाऱ्या कागदांचा. त्या झगड्यात १९४० साली जोडेघाटला साथीदारांसह तो पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. (कचेरीतील कारकुनाशी चाललेला झगडा तीन तास कोण पाहील, हा दिग्दर्शकाचा प्रश्नही समजण्यासारखा आहे.)

सर्वांत खटकते ती अखेर. राम विचारतो, तुला काय हवे? भीम विद्या मागतो आणि राम ध्वजावर ‘जल, जंगल, जमीन’ असे लिहून देतो. जी घोषणा भीमाची म्हणून गोंड आजही देतात, ती येथे त्याला शिकलेल्या मित्राकडून दान मिळते! वस्तुतः उठावानंतरच निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाचारण केले. पुढे १९४३ पासून मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार होऊ लागले, गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली, पट्टे वाटले गेले. मागणी आधी होती, अक्षरे मागाहून आली.

चित्रपटातील जमावाला स्वतःचे म्हणणेच नाही. नायकाचे रक्त सांडेपर्यंत तो बघ्याच राहतो. २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारच्या बाजारी, इंद्रवेल्लीस जमलेल्या गोंडांना म्हणणे होते. त्यांना जमिनीचे पट्टे हवे होते. शेतकरी-मजूर संघाच्या सभेची परवानगी काढून घेण्यात आली आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी हिशेबाने १३ माणसे मेली. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांचा आकडा याहून पुष्कळ मोठा आहे. या माणसांना चित्रपटाच्या भीमात कोठेच जागा नाही, हा माझा मुख्य आक्षेप.

प्रसंग प्रवचनात घ्यायचाच असेल, तर त्याच्याजवळ १ राजे २१ वाचावे. नाबोथाच्या त्या कथेत वडिलोपार्जित मळा आहे, राजाच्या नावाने लिहिलेली मोहोरबंद पत्रे आहेत आणि बसविलेले दोन साक्षीदार आहेत.